इंदुरात रात्री सराफा फिरायचाय: गाइड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

कोथरूडची_मावशी
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूरला चाललोय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्टच्या सासूबाई. पुणे-इंदूर गाडीची तिकिटं झालीत. तीन रात्री मुक्काम, त्यातला एक दिवस महेश्वरला जाईल.

प्रश्न असा. रात्री खायला सराफ्यात घेऊन जाणारे लोक असतात म्हणे. 'फूड वॉक' म्हणतात त्याला. एकाने माणशी दीड हजार सांगितले, खाणं त्यातच. नवरा म्हणतो, रस्त्यावर उभं राहून खायला कशाला हवाय माणूस, तोंड आपलं आहे ना? मला वाटतं, अनोळखी गावात रात्री अकराला गर्दीत शिरायचं तर कुणीतरी जाणतं बरोबर असावं. शिवाय सासूबाईंना तिखट चालत नाही आणि 'बाहेरचं' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

कुणी असं फिरलंय का? पैसे वसूल होतात का?

अर्धाकप
दीड हजारात सराफ्यात चौघं जेवून वर पान खाऊन येतील. तुमचे यजमान बरोबर आहेत.

तिखटशेव
अर्धाकप, चौघं जेवतील हे खरं, पण काय जेवतील? पहिल्या गाडीवर पाव-भाजी दिसली की पुणेकर तिथेच पोट भरून मोकळा होतो. मी स्वतः पहिल्या खेपेला राजवाड्याकडून शिरले आणि समोर जी पहिली गाडी दिसली तिथे मंचुरियन खाल्लं. इंदूरला जाऊन मंचुरियन! अजून घरचे त्यावरून टोमणे मारतात.

रामबागवाली
मावशी, मी इंदूरचीच. जन्म रामबागेतला, आता विजयनगरला राहते. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला खजराण्याचा गणपती दाखवायचा आणि रात्री सराफा, ही दोन कामं घरातल्या कुणा ना कुणाच्या गळ्यात पडतातच. वीस वर्षं हे करतेय, म्हणून लांबलचक लिहिते.

सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीचा बाजार. राजवाड्याच्या मागे, चालत पाच मिनिटं. संध्याकाळी आठ-साडेआठनंतर पेढ्या बंद होऊ लागतात (इथले व्यापारी दुकान 'बंद' करत नाहीत, 'बढवतात', बंद म्हणणं अशुभ) आणि त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर शेगड्या, कढया, परातींची मांडामांड सुरू होते. साडेनवाला गेलात तर निम्म्या गाड्या लागत असतात. खरा रंग दहा-साडेदहानंतर, रात्री दोनपर्यंत. सगळं शाकाहारी, तेव्हा सासूबाईंची निम्मी काळजी तिथेच मिटली.

आता मुद्द्याचं. सराफ्यात चुकतं ते रस्ता नव्हे, क्रम आणि माप. चौघांत एकच प्लेट घ्यायची, हा पहिला नियम. आमची आत्या सहा जणांत एक भुट्ट्याचा कीस घ्यायची आणि सहावा चमचा कुणी उचलला यावर भांडण व्हायचं, पण शेवटच्या मालपुव्यापर्यंत सगळे पोचायचे.

क्रम असा: आधी भुट्ट्याचा कीस. मक्याची कोवळी कणसं किसून तुपावर मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालून परततात, वर दूध घालून शिजवतात. दिसायला उपम्यासारखा आणि चवीला अजिबात उपम्यासारखा नाही. सासूबाईंना 'मिरची कम' सांगून हाच द्या. मग खोपरा पॅटिस: बटाट्याचं पातळ आवरण, आत ओल्या नारळाचं गोडसर सारण. मग गराडू. तुम्ही डिसेंबरात येताय हे नशीब, कारण गराडू थंडीतच. कोनफळाच्या जातीचा कंद आहे, एकदा तळून ठेवतात, मागितल्यावर दुसऱ्यांदा तळतात आणि वर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) नि लिंबू. बाहेरून कडक, आत लोण्यासारखा. दहीवडा त्यानंतर, म्हणजे तोंड शांत होतं. गोड शेवटी, आणि शिकंजी सगळ्यात शेवटी, कारण ती पिऊन झाल्यावर माणूस कशाच्याही लायकीचा राहत नाही.

स्वेटर आणा. पुण्यासारखी थंडी समजून येऊ नका.

डबल_तर्री
शिकंजी म्हणजे लिंबू सरबतच ना? त्याने काय होतंय?

रामबागवाली
दिल्लीवाल्यांची शिकंजी लिंबाची. इंदूरच्या शिकंजीत लिंबाचा थेंब नसतो. आटवलेलं दूध, त्यात किंचित आंबटपणा, केशर, वेलची, जायफळ, सुकामेवा. पेला उलटा केला तर पटकन पडणार नाही इतकी दाट. 'शिकंजी द्या, साखर कमी, पचायला बरी' असं म्हणणारे पाहुणे आम्ही दरवर्षी पाहतो.

खाऊगल्ली_दादर
जोशींचा दहीवडा चुकवू नका. भरलेला द्रोण वर उडवतात आणि झेलतात, दही सांडत नाही. माझ्या मुलाला त्याहून मसाला टाकायची पद्धत आवडली. तीन-चार वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घेतात आणि एकेक करून वेगळे सोडतात. मी अगदी नाकासमोर उभा राहून पाहिलं. आधी पांढरं मीठ पडलं, मग लाल तिखट, मग जिऱ्याची पूड, तिन्हींच्या तीन वेगळ्या रेघा. घरी येऊन प्रयत्न केला. तिखट, मीठ, जिरं सगळं एकदम पडलं, तेही वड्यावर नाही, ओट्यावर.

अर्धाकप
म्हणजे गाइड नकोच, रामबागवालींची पोस्ट छापून न्यायची. माझे पहिले शब्द मागे घेत नाही.

सावळागोंधळ
मी गाइड घेऊन फिरलोय आणि हात पोळून बसलोय, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी. नाव घेत नाही, त्याची रोजीरोटी आहे. ठरल्याप्रमाणे साडेनवाला राजवाड्यासमोर भेटला, माणूस गोड. पहिल्याच गाडीवर 'साहब, यहाँ का बेस्ट' म्हणून प्रत्येकाला अख्खी प्लेट. मग त्याच्याच शेजारी दुसरी. तिसऱ्या ठिकाणी कळलं की सगळ्या गाड्या याच्या ओळखीच्या आहेत आणि पाणीपुरीवालासुद्धा त्याला 'आओ भिया' म्हणतोय. अर्ध्या तासात आमची पोटं फुटायला आली. मग खरेदीला एका नमकीनच्या दुकानात नेलं, तिथे 'आपके लिए स्पेशल' म्हणत तीन किलो शेव गळ्यात मारली. नंतर बाजारात पाहिलं तर तीच शेव बरीच स्वस्त. गराडू खाल्लाच नाही, कारण त्या रात्री त्याच्या ओळखीत गराडूवाला नसावा.

तिखटशेव
'ओळखीत गराडूवाला नसावा' 😂

जुना_इंदुरी
सावळागोंधळ यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण एका माणसावरून सगळ्यांना झोडू नका. मी नोकरीनिमित्त चौदा वर्षं इंदुरात काढली. माझ्या ओळखीतली एक कॉलेजची मुलगी परदेशी पाहुण्यांना सराफा दाखवते. ती आधी अर्धा तास खायलाच देत नाही. राजवाड्यासमोर उभं करून सांगते, हा वाडा होळकरांचा, सात मजली. सराफा त्याच्या कुशीत का, हे समजलं की मगच गल्लीत शिरायचं. खाऊगल्ली कशी सुरू झाली, तर म्हणतात की पेढ्या रात्री ओस पडू नयेत, माणसांची जाग असली की चोराची हिंमत होत नाही, म्हणून सराफांनीच ओटे वापरायला दिले. खरंखोटं देव जाणे, पण गल्लीत उभं राहून ऐकलं की पटतं.

असा माणूस मिळाला तर दीड हजार द्यावेत. फक्त प्लेट धरून चालणारा असेल तर अर्धाकप बरोबर.

सराफ्यातली
मी आजवर इथे फक्त वाचत होते, पण आता राहवेना. आमची पेढी सराफ्यातच आहे, आजोबांपासून. तुम्ही सगळे ज्या ओट्यांवर बसून गराडू खाता, त्यातला एक आमचा.

'चोरांच्या भीतीने ओटे दिले' ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतेय, खरीही असेल. पण आजोबांच्या काळी रबडी, मालपुवा, दहीवडा अशा मोजक्या गाड्या होत्या, आणि गाडीवाल्याची अख्खी पिढी आम्हाला नावाने ठाऊक असायची. आता ओट्यावर सकाळी तेलाचा थर असतो, पायऱ्या सोड्याने घासाव्या लागतात. वरचा मजला जुना, लाकडी आहे, आणि खाली ओळीने गॅसचे सिलिंडर. रात्री अकराला ती गल्ली भरलेली असताना आगीचा बंब आत येईल का, हा विचार माझ्या वडिलांना झोपू देत नाही. हे सराफांचं रडगाणं नाही. मोमो, चायनीज, पास्ता यांच्या गाड्या कमी करून जुन्या पदार्थांच्याच ठेवा, हे आम्ही बरीच वर्षं सांगतोय.

मावशी, तुम्ही जरूर या. फक्त आमच्या ओट्यावर द्रोण ठेवून जाऊ नका, दोन पावलांवर डबा असतो.

जुना_इंदुरी
सराफ्यातली ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रात्री तिथे मी स्वतः चेंगरलोय. कोणी रील काढतोय, कोणी आगीचं पान तोंडात घेतोय, मागून दुचाकी हॉर्न देतेय. रविवारी तर जाऊच नये.

डबल_तर्री
ताई, एक बाळबोध प्रश्न. दुकानं बंद झाल्यावर सराफ्यात सोनं दिसतं का कुठे?

सराफ्यातली
दिसतं की. अंगभर सोनं घालून कुल्फी विकणारे आहेत आमच्याकडे. आम्ही दागिने तिजोरीत ठेवतो, ते गळ्यात घालून फालुदा देतात. 🙂

चिंचपोकळी_लोकल
विषय थोडा बाजूला नेतो. मूळ प्रश्नात खाणं आहे, पण माझ्या मित्रांना 'नाइटलाइफ' हवंय. इंदुरात रात्री खाण्याशिवाय काय आहे?

अर्धाकप
खाल्ल्यावर पचवणं.

जुना_इंदुरी
चिंचपोकळी, मधे प्रयोग झाला होता. २०२२ साली बीआरटीएसच्या (बससाठी राखीव ठेवलेल्या रस्त्याच्या) पट्ट्यात दुकानं, हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. नंतर तक्रारी आल्या, भांडणं, दारू, गोंधळ, आणि २०२४ साली ती मागे घेतली. आता तर तो बीआरटीएसच काढायला घेतलाय. पब, बार आहेत विजयनगरच्या बाजूला, पण त्यासाठी इंदूरपर्यंत कशाला जायचं?

खरी जागी रात्र पाहायची तर अनंत चतुर्दशीला जा. कापड गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघतात: हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, कामगार म्हातारे झाले, तरी झांक्या निघतात. रात्रभर अख्खं शहर रस्त्यावर, आणि पहाटे पोह्यांच्या गाड्या.

रामबागवाली
आमच्या आजीला आम्ही झांक्या बघायला खुर्चीत बसवून न्यायचो. राजवाड्याजवळ ओळखीच्या घराची गॅलरी आधीच 'बुक' असायची.

पाटीपेन्सिल
पोह्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते. इंदुरी पोहे आणि आपले पोहे यात फरक काय? मला तर सारखेच लागले, वर शेव टाकलेली एवढंच.

रामबागवाली
सारखेच?! ताई, आपण पोहे फोडणीत परततो आणि वाफ आणून उतरवतो. इथे गाडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्यावर पोह्यांची परात. पोहे तासन् तास त्या वाफेवर, म्हणून सकाळी अकराला घेतले तरी मऊ. कांदा शिजलेला नाही, कच्चा, वरून. थोडी बडीशेप, चिमूटभर साखर, शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावण. जिरावण नाही तर इंदुरी नाही. आणि बाजूला जलेबी. पोह्याबरोबर जलेबी खाताना आपल्याकडचे पाहुणे एकमेकांकडे बघतात, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच मागतात.

खाऊगल्ली_दादर
पोहे मराठी माणसांनीच तिकडे नेले, होळकरांबरोबर.

तिखटशेव
आता सुरू झालं.

जुना_इंदुरी
खाऊगल्ली, असं म्हणतात खरं, पण नेले म्हणून आपले होत नाहीत. इंदुरातल्या मराठी घरातसुद्धा आता शेव नि जिरावण घातल्याशिवाय पोहे होत नाहीत. तीच गत भाषेची. माझ्या शेजारच्या काकू म्हणायच्या, 'तो तिथे उभा राहून काय करून राहिलाय, त्याला आत बोलवून घे ना.' पुण्यात ऐकलं तर लोक हसतील, पण ती मराठी तिथे दोनशे वर्षं आहे. सरवटे बस स्टँडवर उतरलात तर नाव वाचा. तात्या सरवटे मराठीच, स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीतले.

डबल_तर्री
'करून राहिलाय' आमच्या नागपूरचं आहे. रॉयल्टी द्या.

कोथरूडची_मावशी
बाई गं, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वाचून भूक लागली. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'तुपावर मका? एवढं तूप घालतात का खरंच?' आणि स्वच्छतेचं काय? त्यांचा मूळ धोशा तोच आहे.

रामबागवाली
२०१७ पासून सलग बरीच वर्षं देशात पहिला नंबर स्वच्छतेत, एवढं सांगा त्यांना. छप्पन दुकान म्हणून दुसरी खाऊगल्ली आहे न्यू पलासियात, नावाप्रमाणे छप्पन दुकानांची. तिला २०१९ साली 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा दर्जा मिळालाय. वाहनं आत येत नाहीत, बसायला बाक आहेत. सासूबाईंना पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथे न्या, जॉनीच्या हॉटडॉगच्या रांगेत मुलाला उभं करा, आणि दुसऱ्या दिवशी रात्री सराफा. एकदम सराफा दाखवला तर घाबरतील.

आणि गाइडचं म्हणाल तर पैसे देऊ नका. माझे बाबा रिटायर झाल्यापासून रात्री दहाला 'जरा सराफ्याकडे जाऊन येतो' म्हणतात. त्यांना फक्त निमित्त हवं असतं. मी व्यक्तिगत निरोपात नंबर देते.

अर्धाकप
फुकट गाइड! रामबागवाली, मीही येतोय जानेवारीत.

सावळागोंधळ
मीसुद्धा. मला गराडू बाकी आहे.

रामबागवाली
बाबांना विचारते. सावळागोंधळ, तुम्हाला आधी. 🙏

(तीन आठवड्यांनंतर)

कोथरूडची_मावशी
परत आलो. धागा वर आणतेय, कारण ज्यांनी एवढं सांगितलं त्यांना वृत्तांत द्यायला हवा.

काका साडेनवालाच राजवाड्यासमोर उभे होते, मफलर, हातात स्टीलचा रिकामा डबा. म्हटलं डबा कशाला, तर म्हणाले, 'वहिनींना जे आवडेल ते घरी.' पहिली सूचना मुलाला: 'बाळा, कुठेही पोट भरायचं नाही, फक्त चाखायचं.' आम्हा चौघांत आणि काकांत मिळून कीस एक प्लेट. सासूबाईंनी ओट्याच्या कडेवर रुमाल पसरला, बसल्या, चमचाभर खाल्ला. काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, 'अजून एक सांग.' काका ओरडले, 'वहिनी, नियम!' त्यांनी ऐकलं नाही. दुसरी प्लेट एकट्यांनी संपवली आणि उठून थेट कढईपाशी गेल्या. कीसवाल्याला हिंदीत विचारलं, दूध आधी की मिरची आधी? तो म्हणाला, मिरची. सासूबाई म्हणाल्या, मोहरी जास्त झालीय. तो हसला, 'माताजी, आप ही बना लीजिए' म्हणून त्याने झारा पुढे केला, आणि या बाईंनी तो घेतला! दोन मिनिटं ढवळला. नवऱ्याकडे व्हिडिओ आहे, पण सासूबाईंनी कुठेही टाकायला मनाई केलीय.

गराडू मस्त. कडाक्याची थंडी होती आणि कढईतून झाऱ्याने काढून जिरावण भुरभुरवून हातात दिल्यावर द्रोणातून चटका बसत होता, तरी सोडवेना. दहीवड्याचा द्रोण उडाला तेव्हा मुलगा किंचाळला. जलेबा म्हणून ताटाएवढी जलेबी मिळते, ती पाच जणांना पुरून उरली आणि काकांच्या डब्यात गेली. म्हणजे डबा वहिनींसाठी नव्हताच.

नवऱ्याने शिकंजी दोन पेले प्यायली. 'साखर कमी' म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी महेश्वरच्या घाटावर झोपला होता.

सराफ्यातली ताई, तुमच्या ओट्यावर कुणाचे द्रोण दिसले ते मी उचलून डब्यात टाकले. तुमचाच ओटा होता का माहीत नाही, पण टाकले.

सराफ्यातली
आमचा असो नसो, पोचलं. 🙏

अर्धाकप
म्हणजे गाइड घ्यावा की नाही?

कोथरूडची_मावशी
अर्धाकप, गाइड नसता तर नवऱ्याने पहिल्याच गाडीवर मंचुरियन घेतलं असतं. तो बोट दाखवत होता, मी पाहिलं.

तिखटशेव
त्यांना माझा नमस्कार सांगा.

पाटीपेन्सिल
मावशी, जिरावण आणलंत का? कुठल्या दुकानातून, किती दिवस टिकतं? इथल्या मॉलमधलं मिळमिळीत लागलं.

कोथरूडची_मावशी
काकांनी घेऊन दिलं, दुकानाचं नाव विसरले, बर्तन बाजाराच्या बाजूला कुठेतरी. अर्धा किलो होतं. टिकेल किती ते सांगू शकत नाही, कारण सासूबाई आता वरणावरसुद्धा घालताहेत आणि पाव किलोच उरलंय. रामबागवाली, काकांना बाकरवडी पाठवायची आहे, पत्ता दे गं.

रामबागवाली
बाकरवडी नको, बाबांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. हे आईला कळू देऊ नका फक्त, त्या रात्री ते 'फिरायला' गेले होते.